विश्लेषण : महाविनाशानंतरचे वाळवंट चार फुटांच्या टेबलावर कसे उभारतात?

जग उद्ध्वस्त झाले आहे, पेट्रोल संपत आले आहे आणि गंजक्या गाड्यांवर बंदुका बांधून टोळ्या वाळवंटात एकमेकींचा पाठलाग करत आहेत. १९७९पासूनच्या ‘मॅड मॅक्स’ चित्रपटांनी रुजवलेले हे चित्र आता टेबलावरही खेळले जाते. या ‘मिनिएचर’ खेळांत छोट्या गाड्या आणि बाहुल्या असतात, मात्र त्यांच्याखालची जमीन बहुतेकदा खेळाडूंना स्वतःच घडवावी लागते. परदेशी तयार संच महाग पडतात. पण रेती, पुठ्ठा आणि चिकण माती एवढ्या साहित्यातूनही चांगले वाळवंट उभे राहते. गोंदिया जिल्ह्यातील सौंदडसारख्या गावात तर यातले बरेचसे हाताशीच आहे.

हा खेळ नेमका काय?

या प्रकारातील एक लोकप्रिय खेळ म्हणजे माइक हचिन्सन यांचा ‘गॅसलँड्स’. ऑस्प्रे या ब्रिटिश प्रकाशनाने तो २०१७ मध्ये आणला. मुलांच्या खेळण्यातल्या, साधारण ६४ पट लहान केलेल्या गाड्या त्यात वापरता येतात. गाडी हव्या तशा अंतरावर सरकवता येत नाही. सरळ किंवा वळणदार आकाराची पट्टी गाडीपुढे ठेवायची आणि गाडी तिच्या दुसऱ्या टोकाला न्यायची. वाटेत खडक आला तर टक्कर होते. युद्धखेळांची परंपरा अर्थातच जुनी आहे. प्रशियाच्या राजासमोर १८१२ मध्ये सादर झालेल्या युद्धखेळात भूभागाचे सुटे तुकडे टेबलावर जोडले जात. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम मांडले.

भूभागाला इतके महत्त्व का?

कारण भूभाग ही नुसती सजावट नसते, खेळाचे अर्धे नियम त्यावरच चालतात. कोण कोणाला दिसतो, गोळी कुठे अडते, वळण कुठे घ्यावे लागते, हे सगळे तोच ठरवतो. चार फुटांचे टेबल म्हणजे ६४च्या प्रमाणात प्रत्यक्षातली जेमतेम ७८ मीटर जागा. तिथे वाळवंट म्हणून नुसती रेती पसरली, तर पहिल्याच फेरीत सगळे एकमेकांच्या माऱ्यात येतात आणि खेळ संपतो. म्हणून अनुभवी खेळाडू आधी कागदावर रस्ते आखतात. टेबलाच्या एका कडेवरून समोरच्या कडेपर्यंत सलग, मोकळी दृष्टिरेषा राहू नये. दोन अडथळ्यांमधून वळणाची पट्टी सपाट बसावी. आणि उतार एवढा तीव्र नसावा की गाडी घसरेल. दिसायला सुंदर पण खेळायला गैरसोयीचा भूभाग शेवटी कपाटावर धूळ खात पडतो.

आकार कसे ठरवायचे?

दोन मजली पडीक इमारत खऱ्या जगात साधारण साडेसहा मीटर उंच असेल, तर टेबलावर ती १० सेंटीमीटरची हवी. ११ मीटरची बस १७ सेंटीमीटरची होते. वाळूच्या टेकडीलाही नियम आहे. वारा येतो ती बाजू लांब आणि सौम्य उताराची, तर मागची बाजू उभी असते. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा उभ्या उतारावर टिकत नाही. सर्व टेकड्यांची तोंडे एकाच दिशेला ठेवली, की वारा न दिसताही जाणवतो.

भेगाळलेली जमीन कशी बनते?

गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. वाळवंट इथे नाही. पण उन्हाळ्यात आटलेल्या तलावाचा तळ किंवा कन्हार मातीची, म्हणजे काळ्या चिकण मातीची बांधी पाहिली, की नमुना समोरच असतो. चिकण माती वाळताना आकसते. खालच्या थराला चिकटलेली असल्याने तिला मोकळेपणी आकसता येत नाही आणि ती फाटते. थर जितका पातळ, तितक्या भेगा जवळजवळ पडतात. म्हणून प्लायवूडवर आधी फेविकॉलने रेती चिकटवायची, त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा मातीचा लेप द्यायचा आणि तो वाळू द्यायचा. भेगा पडल्या, की पाणी घातलेले फेविकॉल वरून थेंबथेंब सोडून सगळे पक्के करायचे. जाड थराच्या मोठ्या भेगा छोट्या गाडीखाली दऱ्यांसारख्या दिसतात.

रंगाचे काम गडदाकडून फिक्याकडे चालते. आधी गडद तपकिरी, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट पिवळसर रंग फक्त उंचवट्यांवर फिरवायचा. गंजासाठी स्पंजच्या तुकड्याने तपकिरी आणि त्यावर थोडासा नारिंगी रंग टिपायचा.

थर्माकोल वापरावे का?

टेकड्यांसाठी जगभर पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोलच्या कुळातलेच फोम वापरतात. ते हलके असते, सहज कापता येते. पण महाराष्ट्रात २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. त्या वर्षी गणेशोत्सवाच्या मखरांसाठी सवलत देण्यास मुंबई उच्च न्यायालयानेही नकार दिला. आरोग्याचा प्रश्न वेगळाच. तापलेल्या तारेने हे फोम कापताना स्टायरीनची वाफ निघते, आणि स्टायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. शिवाय स्प्रे पेंटमधील द्रावकाने हे फोम विरघळते. पुठ्ठ्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर कागदाचा लगदा हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. रेती चाळताना किंवा घासताना उडणारी बारीक धूळही फुप्फुसांना घातक असते. त्यामुळे ती ओली करून हाताळावी आणि मुलांना मास्क लावावा.

हे कौशल्य आपल्याकडे नवे आहे का?

अजिबात नाही. दिवाळीत राज्यात ठिकठिकाणी मुले विटा-दगड रचून त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकतात, बुरूज उभारतात आणि अळीव पेरून हिरवळ आणतात. टेबलावरच्या टेकडीचे तंत्र हेच आहे. फक्त अळीवाच्या जागी रेती येते. फरक प्रमाणाचा. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा दरवाज्यापेक्षा उंच असला तरी कोणाची तक्रार नसते. मिनिएचर खेळात मात्र तो दरवाज्यातून आत जाऊ शकला पाहिजे, नाहीतर नियम अडतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. डोंगराचा उतार आणि अरुंद वाट यांचा बचावासाठी केलेला वापर हे त्यांतील डोंगरी किल्ल्यांचे बलस्थान. चार फुटांच्या टेबलावर पहिला खडक कुठे ठेवायचा, हे ठरवताना खेळाडूला त्याच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते.