मुजरा करणारा महाराजा

पाटी कितीही झगझगीत असो. गिऱ्हाईक पुन्हा येते ते कोणी ‘या, बसा’ म्हटले म्हणून, असे माझे साधे मत आहे. एअर इंडियाच्या महाराजाचेच पाहा ना! १९४६ साली कंपनीचे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरातसंस्थेतील चित्रकार उमेश राव यांनी त्याला जन्म दिला. गुबगुबीत देह, भले मोठे पागोटे, भरघोस मिशा. थाट सगळा राजाचा, पण उतारूंपुढे हा कमरेत वाकतो! खरी गंमत इथेच आहे. ज्याने मुजरे घ्यायचे तोच मुजरा करतो आणि तिकीट काढणारा माणूस घटकाभर पाहुणा होतो. १९७१ साली आलेल्या ‘बोइंग ७४७’च्या खिडक्यांभोवतीही महालाच्या झरोक्यांसारख्या कमानी रंगवल्या होत्या.

पण वाचकहो, चित्रातले स्वागत हे एक वचन असते. ते पाळायचे असते तिकीट देणाऱ्या कारकुनाने आणि ताट पुढे करणाऱ्या हाताने. तिथे कपाळाला आठी दिसली, की महाराजाचा मुजरा नुसता नाटकी ठरतो. यंदा दाराशी रांगोळीने ‘सुस्वागतम्’ लिहाल, तेव्हा कडी काढणारा चेहराही हसरा असू द्या!