आकाशातून जमीन वाचण्याचे शिक्षण
विमानातून टिपलेल्या छायाचित्रांवरून नकाशा काढायला रीतसर शिकावे लागते. विकसनशील देशांना असे तज्ज्ञ मिळावेत म्हणून १९५० मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे आयटीसी ही संस्था सुरू झाली. तिचे संस्थापक विलेम शेरमरहॉर्न हे त्या देशाचे माजी पंतप्रधान. तिच्याच सहकार्याने १९६६ मध्ये डेहराडूनला भारताची स्वतःची संस्था उभी राहिली.

लागोपाठच्या दोन छायाचित्रांत साधारण ६० टक्के भाग सामाईक असतो. ती स्टिरिओस्कोप या उपकरणाखाली नीट जुळली, की सपाट कागदावर डोंगर वर उठतो, दरी खोल दिसते. पुढे प्रत्यक्ष जागेवर जाऊन खातरजमा करायची.

१९९५ मध्ये डेहराडूनलाच स्थापन झालेल्या, संयुक्त राष्ट्रांशी संलग्न केंद्रात आशिया-प्रशांत देशांतील विद्यार्थी शिकतात. विमान भाड्याने मिळते. जाणकार माणसे मात्र देशाने स्वतःच घडवायला हवीत.