जायचं का जपानला?

"अहो ताई, त्यांच्या पंतप्रधानांनीच परदेशदौरा रद्द केलाय, आणि आपण तिकडे निघालोय?"

9 ऑगस्ट 2024 ला माझ्या गटातल्या एका काकांचा फोन आला. प्रश्न रास्त होता. जपानचे तेव्हाचे पंतप्रधान किशिदा मध्य आशियाला निघणार होते, ते थांबले. पण काही झालंच तर मदतकार्याची सूत्रं त्यांना हलवायची होती, म्हणून थांबले. आपण बघायचं ते वेगळं: रात्री कुठे झोपणार, तिथून समुद्र किती लांब, आणि वेळ आली तर आपल्यातलं कोण भराभर चढ चढू शकतं. मी पुण्याहून छोटे गट जपानला नेते. दुसऱ्या दिवशी रात्री मुंबईहून आमचं विमान होतं.

त्या फोनच्या आदल्या दिवशी क्युशू बेटाच्या पूर्वेकडे समुद्रात 7.1 तीव्रतेचा भूकंप झाला होता. तिथला मियाझाकी प्रांत हादरला, आणि अडीचेक तासांत जपानच्या हवामान संस्थेने नानकाई महाभूकंपाबाबतची सूचना काढली. ही पद्धत 2019 पासूनची, पण प्रत्यक्ष सूचना निघण्याची ही पहिलीच वेळ.

नानकाई म्हणजे जपानच्या दक्षिण किनाऱ्याला समांतर गेलेली समुद्रतळाची लांबलचक घळ. फिलिपिन समुद्राखालचा भूपट्ट तिथे जपानच्या खाली सरकत असतो. सरकताना अडकतो, ताण साठतो आणि साधारण शंभर-दीडशे वर्षांत एकदा मोकळा होतो. मागे असा महाभूकंप 1944 आणि 1946 मध्ये झाला होता. पुढच्या वेळी सगळ्यात वाईट घडलं, तर कोची प्रांतातल्या कुरोशिओ गावात 34 मीटर उंच लाट येऊ शकते, असा सरकारी अंदाज आहे. अकरा मजली इमारत बुडेल एवढी.

हे वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल. म्हणून मी गटाला आधी सूचनेच्या दोन पायऱ्या समजावल्या. 8 किंवा त्याहून मोठा भूकंप होऊन गेला, तर वरची पायरी: ज्यांना लाटेआधी पळायला वेळ मिळणार नाही त्यांनी आठवडाभर घर सोडून सुरक्षित जागी जायचं. 7 च्या वरचा झाला, तर खालची: कामधंदा चालू ठेवा, पण आठवडाभर सज्ज राहा. निघाली होती ती खालची. तिच्यामागचा हिशोब असा, की 7 च्या वरच्या भूकंपानंतर आठवड्याभरात 8 च्या आसपासचा भूकंप होणं हे काहीशे वेळांत एकदा घडतं. एरवीपेक्षा ही शक्यता कित्येक पटींनी जास्त, आणि तरीही लहान. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यातली एकच सांगणारा माणूस, मग तो भीती घालणारा असो की धीर देणारा, माझ्या मते सल्ला द्यायला लायक नाही.

मग नकाशा काढून बसले. टोकियो आणि क्योतो राहू दिलं. वाकायामा प्रांतातलं कोयासान डोंगरावर, समुद्रसपाटीपासून आठशेएक मीटर वर. तेही राहू दिलं. समुद्रकाठच्या शिराहामाचे दोन मुक्काम मात्र काढून टाकले. पांढऱ्या वाळूची, गरम पाण्याच्या झऱ्यांची देखणी जागा. गटातली मुलं तर तिच्यासाठीच येत होती. पण त्या किनाऱ्यावर मोठ्या भूकंपानंतर लाटेला फार वेळ लागत नाही, आणि आमच्यातल्या दोघींचे गुडघे असे की जिना उतरतानाही हात धरावा लागतो. त्याच दिवशी शिराहामाने स्वतःच आपला समुद्रकिनारा आठवडाभर बंद केला.

तान्हं बाळ घेऊन येणाऱ्या जोडप्याने माघार घेतली. मी एका शब्दाने आग्रह केला नाही. तिकिटाचे पैसे अडकले म्हणून जाणं, हे जाण्याचं सगळ्यात वाईट कारण. त्यांना विम्याचं मात्र स्पष्ट सांगावं लागलं: नुसती भीती वाटली म्हणून सहल रद्द केली, तर साध्या प्रवासविम्यातून बहुधा भरपाई मिळत नाही. आणि सूचना जाहीर झाल्यावर घाईघाईने काढलेल्या पॉलिसीत ती घटना बहुतेकदा धरलीच जात नाही. विमा काढायचा तो तिकीट काढतानाच.

निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या मोबाइलवर भूकंपाचा इशारा इंग्रजीत देणारं जपानी पर्यटन खात्याचं 'सेफ्टी टिप्स' हे ॲप चढवलं. हॉटेलात पाऊल टाकताच आधी जिना आणि जवळची उंच जागा बघायची, खोली नंतर. पाण्याची बाटली, टॉर्च, औषधं आणि पासपोर्ट उशाशी, एकाच पिशवीत. बूट पलंगाजवळ, कारण फुटलेल्या काचांवरून अनवाणी पळता येत नाही.

महाभूकंप आला नाही. आलं ते वादळ. टोकियोच्या दिशेने ॲम्पिल नावाचं चक्रीवादळ सरकत होतं, आणि 16 ऑगस्टला टोकियो ते नागोया शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, दिवसभर बंद राहील, असं रेल्वेने आधीच जाहीर केलं. आमचा क्योतोचा प्रवास नेमका 16 चा! धावपळ करून 15 ची तिकिटं घेतली. ओबोन या पितरांच्या सणाच्या सुट्टीची गर्दी, त्यामुळे जागा निरनिराळ्या डब्यांत मिळाल्या. 15 लाच संध्याकाळी नानकाईची सूचनाही उठली. भूकंपाची वेळ कुणी सांगू शकत नाही, वादळाचा मार्ग मात्र काही दिवस आधी दिसतो. त्यामुळे तिथे घेतलेला निर्णयही रोज सकाळी नव्याने तपासता येतो. घरच्यांना 'वादळ आहे, तरी गेले' एवढंच दिसत होतं. आम्ही वादळाच्या एक दिवस पुढे होतो.

पण 'नको' हे उत्तर ठामपणे द्यावं लागतं, अशीही वेळ असते. 1 जानेवारी 2024 ला जपानच्याच नोतो द्वीपकल्पात 7.6 चा भूकंप झाला. रस्ते खचले, मदतीच्या गाड्याच अडकू लागल्या आणि इशिकावा प्रांताच्या राज्यपालांनी लोकांना नोतोकडे येऊ नका म्हणून विनवलं. अशा वेळी हौशी प्रवाशाची प्रत्येक गाडी रुग्णवाहिकेची जागा खाते. तिथल्या निवाऱ्यांतलं पाणी आणि पांघरुणं पाहुण्यांसाठी नसतात. तिथून शंभरेक किलोमीटरवरचं कानाझावा मात्र बरंचसं धड होतं, तरी पर्यटकांनी तेही टाळलं आणि हॉटेलं ओस पडली. मार्चपासून सरकारला त्या भागासाठी मुक्कामावर सवलत द्यावी लागली. त्या एप्रिलच्या माझ्या गटातल्या काहींनी कानाझावा वगळायला सांगितलं होतं. मी नकाशावरचं अंतर दाखवलं, रेल्वे सुरू असल्याची खात्री करून दिली आणि तिथले दोन्ही मुक्काम तसेच ठेवले. नोतोचा फाटा कार्यक्रमातून काढला.