उलटा वर्ग आणि इंग्रजीचा तास

कॉलेजांत इंग्रजीच्या तासास प्राध्यापक बोलतात व विद्यार्थी ऐकतात; लिहिण्याबोलण्याचा अभ्यास मात्र घरीं, एकट्यानें. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांतील बर्गमन व सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकद्वयानें २००७ सालीं हा क्रम उलटा केला. विवेचन ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवावें, विद्यार्थ्यानें तें घरीं पाहावें, आणि अभ्यास वर्गांत शिक्षकासमक्ष करावा. यासच 'फ्लिप्ड क्लासरूम' म्हणतात. आमच्या शास्त्रांच्या परिभाषेंत सांगावयाचें, तर श्रवण घरीं गेलें व मनन वर्गांत आलें.

इंग्रजीस हा क्रम विशेष मानवतो. मराठींत आपण एखाद्या गोष्टीविषयीं चर्चा करतों. म्हणून विद्यार्थी 'डिस्कस'पुढें 'अबाउट' हटकून जोडतो. घरीं ही चूक दाखविणार कोण? वर्गांत ती तेथल्या तेथें सुधारते.

परंतु इचलकरंजीस लागून असलेल्या आमच्या कबनुरांत कित्येक घरीं कानांशीं यंत्रमागांचा खडखडाट, आणि मोबाईल एकच. तोही वडिलांसमवेत कामावर गेलेला. अशा मुलाचें श्रवणच घडत नाहीं, आणि वर्गांतील मननासही तो मुकतो. जुन्या पद्धतींत निदान विवेचन तरी त्याच्या कानीं पडे. यास्तव आमचें मत असें कीं, विवेचनाचीं दोन छापील पानें आदल्या दिवशीं हातीं द्यावीं, ग्रंथालयांतील संगणक त्यास वापरूं द्यावा, आणि तासाचीं पहिलीं दहा मिनिटें उजळणीस ठेवावीं.

यंत्रानें गुरूचा वेळ वांचविला खरा. तो विद्यार्थ्यास बोलतें करण्याकडे लागला, तरच हा उलटा वर्ग सुलटा म्हणावयाचा.