काउंटच्या हातातले रेल्वेचे वेळापत्रक

नारायण धारप (1925–2008) यांच्या 'लुचाई' या कादंबरीचे मूळ स्टीफन किंग यांच्या 1975 सालच्या 'सालेम्स लॉट'मध्ये आहे आणि त्या कादंबरीची प्रेरणा ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 सालच्या 'ड्रॅक्युला'त सापडते. त्यामुळे मेल्यानंतरही जिवंतांच्या रक्तावर जगणाऱ्या पिशाच्चाचे मराठीतले घराणे शोधू गेल्यास वाचक अखेर याच जुन्या कादंबरीपाशी येऊन पोहोचतो.

ही कादंबरी पत्ररूप आहे, म्हणजे ती दैनंदिनी, पत्रे, तारा व वृत्तपत्रांतील कात्रणे यांतून उलगडते. ती लिहिणाऱ्यांपैकी कोणालाच सगळे ठाऊक नसते, आणि जे वाचकाला कळून चुकले आहे ते पात्रांना अजून कळायचे असते, यातच तिची खरी भीती आहे. कादंबरीतले पिशाच्च, काउंट ड्रॅक्युला, आपल्या गढीच्या खिडकीतून बाहेर पडतो आणि पालीसारखा, डोके खाली करून, उभ्या भिंतीवरून सरपटत उतरतो, हा प्रसंग शंभराहून अधिक वर्षांनंतरही अंगावर काटा आणतो.

तिच्यात खटकण्याजोगेही पुष्कळ आहे. पूर्वेकडे जावे तशा गाड्या अधिकाधिक उशिरा धावतात, मग चीनमध्ये काय होत असेल, असे काउंटच्या गढीकडे निघालेला इंग्रज वकील जोनाथन हार्कर पहिल्याच प्रकरणात लिहितो. भटक्या जिप्सींना काउंटचे चाकर म्हणूनच स्थान मिळते. आणि ल्यूसी ही सालस तरुणी काउंटची शिकार होऊन पिशाच्च होताच कामुक होते व तिच्या छातीत खुंटी ठोकण्याचे काम तिच्या नियोजित वरालाच करावे लागते. त्याआधी तिला वाचवण्यासाठी त्या वरासह चार पुरुषांचे रक्त दिले जाते, तेव्हा रक्तगटांचा शोधही लागलेला नव्हता. मात्र कादंबरीतील पुरुषांना चिंता वाटते ती रक्त जुळण्याची नव्हे, तर उरलेल्या तिघांनी रक्त दिल्याचे त्या वराला कळू नये याची.

हे भाग गाळून कादंबरी निर्दोष करता येईल असे वाटणे स्वाभाविक असले, तरी ते चुकीचे आहे, कारण येथे भीती आणि पूर्वग्रह एकाच मुळातून फुटलेले आहेत. पूर्वेकडचा एक परका लंडनजवळ घर विकत घेतो आणि मायदेशातील मातीने भरलेल्या पन्नास पेट्या घेऊन तेथे येतो, ही ब्रिटिश साम्राज्याच्या मनातील धास्तीच तिचे कथानक आहे. ज्यांच्या देशावर ते साम्राज्य राज्य करीत होते, त्या भारतीय वाचकाला म्हणूनच यात इंग्रज वाचकाहून वेगळे काही दिसते. आपले बोलणे ऐकून कोणी आपल्याला परका म्हणू नये, एवढ्यासाठी काउंट हार्करकडून इंग्रजी उच्चार शिकू पाहतो; ज्या पूर्वेकडच्या गाड्यांना हार्करने नावे ठेवली, तेथलाच हा माणूस कोचावर पडून इंग्लंडच्या रेल्वेचे वेळापत्रक मन लावून वाचताना हार्करला आढळतो. स्टोकर यांना हा तपशील भीतिदायक वाटला असावा, पण आजच्या वाचकाला त्यात परमुलखात सामावू पाहणाऱ्याची धडपडही दिसते.

मराठी प्रकाशकांनी या कादंबरीचा अनुवाद काढताना तिला कात्री लावू नये, हवी तर प्रस्तावना जोडावी. आणि वाचकाने पिशाच्चाकडे धाव घेण्यापूर्वी वेळापत्रकाचा हा प्रसंग असलेले दुसरे प्रकरण सावकाश वाचावे.