पुन्हा सायकल : अर्धशक्ती आणि आसनाची उंची

अनेक वर्षांनी सायकलीकडे वळणाऱ्या रुग्णास ‘अवश्य चालवा’ एवढाच सल्ला देऊन आम्हां चिकित्सकांचे कर्तव्य संपत नाही. वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांस शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने, इतर ऋतूंत त्याहूनही अल्प व्यायाम सांगितला आहे. कपाळी घाम येऊन तोंडाने श्वास सुरू होणे, ही त्या मर्यादेची खूण. तारुण्यात सणसरहून बारामतीस सहज जाणाऱ्याचे बल आज तेवढेच असेल, असे गृहीत धरू नये. हृद्रोगाची शंका असल्यास आधी तपासणी करावी.

आमच्या भागाची अडचण निराळी आहे. व्यायामास उत्तम असा हेमंत हाच ऊसगाळपाचा हंगाम. बारामती, भवानीनगर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गावर उसाच्या ट्रॉल्या अंधारातही चालतात. म्हणून उजाडल्यावरच निघावे; सायकलीस मागे लाल दिवा व परावर्तक आणि डोक्यास शिरस्त्राण असावे.

अडगळीतील जुनी सायकल टाकून देण्याचे कारण नाही. लोखंडी सांगाडा बहुधा टिकतो, रबर टिकत नाही. टायर, ट्यूब व ब्रेकचे रबर कडक झाले असल्यास बदलावे. गंजलेल्या ब्रेकच्या तारा नव्या घालाव्यात, साखळीस तेल द्यावे. पायडल सर्वांत खाली असता गुडघा किंचित वाकलेला राहील, इतके आसन उंच करावे. आसन फार खाली राहिल्यास जानुसंधीवर ताण पडतो.

सायकलस्वार गुडघेदुखीसाठी तैल मागू लागल्यास औषधविक्रेत्या बंधूंनी प्रथम आसनाची उंची विचारावी.