जोखीम कोणाची, धोका कोणाचा? : बेपत्ता 'टायटन' आणि आपलं बोलणं



आजचा विषय आपल्यापासून फार लांबचा वाटेल. तापीकाठच्या माणसाने अटलांटिक महासागराच्या तळाची चिंता का करावी? पण घटना लांबची असली, तरी तिच्यावर आपण जे बोललो ते इथलंच आहे. चहाच्या टपरीवर, एसटीत, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोललेलं. त्या बोलण्याकडे आज जरा नीट पाहू.

आधी घटना थोडक्यात. १८ जून २०२३, रविवार. टायटॅनिक जहाजाचे अवशेष पाहायला पाच माणसं 'टायटन' नावाच्या यानातून खाली निघाली. हे अवशेष सुमारे ३८०० मीटर खोल आहेत. पावणेदोन तासांच्या आसपास यानाचा वरच्या जहाजाशी संपर्क तुटला. यानात ९६ तास पुरेल इतका प्राणवायू आहे असं सांगितलं गेलं, आणि जगभरच्या वाहिन्यांवर उलटी गिनती सुरू झाली. २२ जूनला टायटॅनिकच्या नाळेपासून साधारण पाचशे मीटरवर यानाचे तुकडे सापडले. पाण्याच्या दाबाने यान क्षणार्धात आत चिरडलं गेलं होतं. अमेरिकी नौदलाच्या यंत्रणेने तसा आवाज रविवारीच टिपला होता, हे नंतर बाहेर आलं. म्हणजे आपण जे तास मोजत होतो, ते मोजायला सुरुवात होण्याआधीच सगळं संपलेलं होतं.

इथे एका शब्दाचा खुलासा करू. बातम्यांत कुठे 'पाणबुडी' म्हटलं, कुठे 'सबमर्सिबल'. आपल्या खान्देशात सबमर्सिबल म्हटलं की बोअरमध्ये सोडलेली मोटरच डोळ्यांपुढे येते, आणि ती उपमा फारशी चुकीची नाही. पाणबुडी आपल्या बळावर बंदरातून निघते आणि परत येते. सबमर्सिबल यान मात्र दुसऱ्या जहाजाने जागेवर नेऊन सोडावं लागतं, आणि वर आल्यावर उचलून घ्यावं लागतं. त्याचं सगळं वरच्या माणसांवर अवलंबून.

आणि दाब किती? पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. टायटॅनिकपाशी अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर जवळपास चारशे किलो भार येतो. चार क्विंटल कापूस एका नखावर रचल्याची कल्पना करा. असा भार यानाच्या प्रत्येक नखाएवढ्या जागेवर, सगळीकडून.

आता आपलं बोलणं. तेव्हा तीन वाक्यं सगळीकडे ऐकू येत होती. पहिलं: "त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं." दुसरं: "पैशाचा माज, दुसरं काय." तिसरं: "गरीब बुडतात तेव्हा कोण विचारतं?" ही तिन्ही वाक्यं टाकाऊ नाहीत. प्रत्येकात थोडं खरं आहे. पण प्रत्येकात काहीतरी निसटतंही.

तिसऱ्यापासून सुरू करू, कारण त्यात वेदना खरी आहे. टायटनच्या चारच दिवस आधी, १४ जून २०२३ ला, ग्रीसच्या पायलोसजवळच्या समुद्रात 'आद्रियाना' नावाची मासेमारीची बोट बुडाली. तिच्यावर अंदाजे साडेसातशे स्थलांतरित होते. वाचले १०४. ती बातमी किती जणांना आठवते? आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं. १५ जानेवारी २०१९, मकरसंक्रांत. आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या भुषा इथे नर्मदेच्या पूजेला गेलेल्या लोकांची बोट उलटली. किमान सहा जण गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती, असं त्या वेळच्या बातम्यांत होतं. सरदार सरोवराचं पाणी पसरल्यापासून तिथल्या कित्येक पाड्यांना बोट हाच रस्ता झाला आहे. दवाखानासुद्धा तिथे बोटीवरून येतो. त्या अपघाताची बातमी एक-दोन दिवस चालली आणि थांबली.

मग निष्कर्ष सोपा वाटतो: श्रीमंताच्या मरणाला किंमत, गरिबाच्या नाही. पण थांबा. त्याच वर्षी, १२ नोव्हेंबर २०२३ ला, उत्तराखंडच्या सिल्क्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले. हातावर पोट असलेली माणसं. सतरा दिवस देशाने श्वास रोखून पाहिलं, आणि सगळे सुखरूप बाहेर आले तेव्हा आनंदही केला. म्हणजे लक्ष केवळ पैशाकडे जातं असं नाही. माणसं मोजकी असली, त्यांची नावं कळली, सुटकेची आशा असली आणि घड्याळ चालू असलं, की आपलं मन तिथे अडकतं. आद्रियानावरच्या माणसांची धड यादीही नव्हती. भुषाची बातमी आली तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. लक्ष आणि करुणा या वेगळ्या गोष्टी आहेत. लक्ष वेधलं जातं, करुणा करावी लागते. पाच जणांबद्दलची हळहळ कमी केली म्हणून ती साडेसातशेंच्या वाट्याला आपोआप जात नाही. हळहळ काही रेशनचं धान्य नाही, की इथे कमी मोजलं तर तिथे जास्त मिळेल.

आता दुसरं वाक्य, पैशाचा माज. तिकीट अडीच लाख डॉलरचं होतं, म्हणजे आपले दोन कोटी रुपये. आकडा ऐकून चीड येते, ती समजण्यासारखी आहे. पण यानात कोण होतं? पॉल-आँरी नार्जोले हे ७७ वर्षांचे फ्रेंच पाणबुडे, टायटॅनिकच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले. सुलेमान दाऊद हा वडिलांबरोबर आलेला, अवघ्या १९ वर्षांचा मुलगा. त्याच्या मरणावर विनोद फिरत होते, आणि आपल्यातल्या पुष्कळांनी ते पुढे पाठवले.

धाडस मुळातच वाईट असतं का? ॲरिस्टॉटलने धैर्याला भित्रेपणा आणि अविचार यांच्या मधली जागा दिली. शूर माणसाला भीती वाटतच नाही असं नाही. ज्याची भीती बाळगायला हवी त्याची तो योग्य तेवढी बाळगतो. खोल समुद्रात जाणंच वेडेपणाचं असतं तर विज्ञानानेही ते टाळलं असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये 'नॉटील' या फ्रेंच यानातून दोन भारतीय अटलांटिकमध्ये उतरले. राजू रमेश ४०२५ मीटरपर्यंत गेले, आणि दुसऱ्या दिवशी निवृत्त नौदल अधिकारी जतिंदर पाल सिंह ५००२ मीटरपर्यंत. दोघेही टायटॅनिकपेक्षा खोल जाऊन परत आले. आपल्या 'मत्स्य ६०००' या यानाची ती तयारी होती. समुद्र तोच, दाब त्याहून जास्त. मग फरक कशात आहे?

हा प्रश्न आपल्याला पहिल्या वाक्याकडे नेतो, आणि आजच्या बोलण्याचा गाभा तिथे आहे. "त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं."

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'त एक पूल सांगितला आहे. आम्ही वर्गात कितीतरी वर्षं तो शिकवत आलो. एक माणूस मोडकळीला आलेल्या पुलावर पाय ठेवतो आहे. त्याला सावध करायला वेळ नाही. तर त्याला धरून मागे ओढलं तरी त्याच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही, कारण त्याला पूल ओलांडायचा आहे, नदीत पडायचं नाही. पण पूल कोसळेलच अशी खात्री नसून नुसता धोका असेल, तर त्याला तो सांगावा आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. म्हणजे 'स्वतः ओढवून घेतलं' हे वाक्य खरं ठरायला आधी एक अट पुरी व्हावी लागते. त्याला माहीत असायला हवं.

टायटनमध्ये ही अट पुरी झाली होती का? प्रवाशांनी सही केलेल्या कागदात मृत्यूची शक्यता स्पष्ट लिहिली होती, हे खरं. पण ऑपरेशनच्या आधी आपण जो फॉर्म भरतो तो आठवा. 'काहीही होऊ शकतं' हे वाचून आपल्याला नेमकं काय कळतं? 'काहीही होऊ शकतं' हे एक सांगणं, आणि 'या यंत्रात अमुक ठिकाणी बिघाड दिसतो आहे' हे अगदी वेगळं सांगणं.

टायटनचा मुख्य भाग कार्बन फायबरचा होता, दोन्ही टोकांना टायटॅनियम. कार्बन फायबर ताणाला फार चांगलं. विमानात ते वापरतात, तिथे दाब आतून बाहेर असतो. खोल समुद्रात दाब बाहेरून आत येतो, आणि फेरीगणिक त्याचे थर एकमेकांपासून सुटण्याची भीती असते. २०१८ मध्ये कंपनीच्याच डेव्हिड लॉक्रिज या अधिकाऱ्याने लेखी शंका घेतल्या. त्यांना कामावरून काढण्यात आलं. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या तीन डझनांहून अधिक जाणकारांनी कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश यांना उद्देशून पत्र लिहिलं, की बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घ्या. ती घेतली नाही. उलट अशा तपासणीमुळे नवं काही करणं रखडतं, असा युक्तिवाद कंपनीने २०१९ मध्ये जाहीरपणे केला. पैसे भरून येणाऱ्यांना प्रवासी न म्हणता 'मिशन स्पेशालिस्ट' म्हटलं गेलं. जुलै २०२२ मध्ये एका फेरीनंतर वर येताना मोठा आवाज झाला, आणि त्यानंतरच्या नोंदींत यानाच्या भिंतीचं वागणं बदललेलं दिसत होतं. त्याचा अर्थ लावून थांबायला हवं होतं, ते झालं नाही. अमेरिकी तटरक्षक दलाच्या ऑगस्ट २०२५ च्या अहवालाने हा अपघात टाळता आला असता असंच म्हटलं आहे. रश स्वतःही त्याच यानात गेले. लपवणारा माणूस स्वतःच्याही डोळ्यांवर पट्टी बांधतो, इतकंच त्यातून कळतं. बाकीच्या चौघांचा तराजू त्यामुळे बरोबर होत नाही.

आपल्या भाषेत यासाठी दोन चांगले शब्द आहेत. एक 'जोखीम'. आपल्या सराफ बाजारात या शब्दाचा अर्थ नुसता संकट असा नाही. "अंगावर जोखीम आहे, रात्रीचं निघू नका," असं आपण म्हणतो तेव्हा जोखीम म्हणजे दागिने, रोकड. मोलाची वस्तू. ती दुसऱ्याच्या हवाली केली की जबाबदारीही त्याच्याकडे जाते. बोटीत, बसमध्ये, यानात पाय ठेवताना आपण आपली सगळ्यात मोठी जोखीम, आपला जीव, चालवणाऱ्याच्या हवाली करतो. दुसरा शब्द 'धोका'. 'पुढे धोका आहे' अशी पाटी आपण घाटात वाचतो, आणि 'त्याने मला धोका दिला' असंही म्हणतो. एकाच शब्दात संकट आणि विश्वासघात. संकट माहीत असून आपण गेलो तर तो धोका पत्करला. माहीत असणाऱ्याने सांगितलं नाही तर तो धोका दिला. "ओढवून घेतलं" म्हणताना आपण दुसऱ्याला पहिला समजतो, आणि ज्याच्या हवाली जोखीम होती तो माणूस चर्चेतून अलगद सुटतो.

आता कुणी म्हणेल, पाटी लावली की झालं ना? १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळा इथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती. लोक तरी गेले, त्यात त्यांची चूक आहेच, ती नाकारू नये. पण पाटीही आहे आणि पूलही उघडा आहे, तेव्हा माणूस पाटीवर विश्वास ठेवतो की उघड्या वाटेवर? सगळे जात आहेत हीसुद्धा त्याला एक माहितीच वाटते. भुषाच्या बोटीत तर निवडीला जागाच थोडी. जिथे बोट हाच रस्ता, तिथे 'बसू नका' हा सल्ला पोकळ ठरतो.

हे सगळं आज का बोलायचं? कारण समुद्राखालचं पर्यटन आपल्याही दारात येतं आहे. मे महिन्यात आणि दिवाळीत आपल्याकडची कितीतरी कुटुंबं मालवण-तारकर्लीला जातात, स्कूबा करतात. २४ मे २०२२ ला तारकर्लीत पर्यटकांची अशी एक बोट उलटून दोघांचा जीव गेला. वेंगुर्ल्याजवळच्या निवती रॉक इथे पाणबुडी पर्यटनाची घोषणा राज्याने २०१८ मध्ये केली होती. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातेत द्वारकेला अशी पाणबुडी येणार अशी बातमी आली आणि आपल्याकडे वाद पेटला. वादाचा भर कशावर होता? प्रकल्प कोणी पळवला यावर. टायटनला तेव्हा सहाच महिने झाले होते.

पर्यटकांच्या पाणबुड्या काही दशक मीटरच खोल जातात. टायटनची भीती तिथे जशीच्या तशी लावणं बरोबर नाही. अशा पाणबुड्या जगात नीट चालतात. पण प्रश्न तेच विचारायचे. तपासणी कोणी केली, विकणाऱ्याने की बाहेरच्या माणसाने? आत काम करणाऱ्याने कधी 'नको' म्हटलं का, आणि त्याचं पुढे काय झालं? किती माणसांची परवानगी आहे, आणि आत्ता किती बसली आहेत? हे तीन प्रश्न दोन कोटींच्या यानालाही लागू पडतात आणि नर्मदेतल्या बोटीलाही. ते विचारणारा माणूस आपल्याकडे भित्रा ठरतो, "एवढं काय, बसा हो," असं त्याला ऐकवतात. पुढच्या वेळी कुटुंबात कुणी असं विचारलं, तर निदान आपण तरी त्याला हसू नये. आणि कुठे माणसं बुडाल्याची बातमी आली, तर 'गेलेच कशाला' याच्या आधी 'त्यांना काय सांगितलं होतं' हे विचारावं.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ. धुळ्याकडून आधी.